खाली बघणारा बुद्ध

पांढरं कापड ओढायचा मान माझा होता. मूर्ती माझ्या बानं घडवलेली, म्हणून समितीनं ठरवलं की फागूच्या पोरीनंच ती वस्तीला दाखवावी. मी मायचं पांढरं लुगडं नेसले होते. ते मला मोठं होत होतं, म्हणून कमरेला जागोजागी पिना लावल्या होत्या. आमचा विहार म्हणजे तेव्हा कौलांची एक लांब खोली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली विटांचा ओटा, आणि ओट्यावर कापडाखाली झाकलेली ती मूर्ती. आत बसायला जागा उरली नव्हती, तरी दारातून माणसं आत घुसतच होती.

समितीचे अध्यक्ष दौलतराव टेंभुर्णे म्हणाले, "ओढ पोरी."

मी कापड ओढलं.

सगळे गप्प झाले. मला वाटलं, भारावले असतील. तेवढ्यात पुढच्या रांगेतलं कुणाचंतरी पोट्टं टाळ्या पिटत ओरडलं, "नंदी! नंदी बसला!"

आणि सगळा विहार हसला. आधी पोरं हसली, मग त्यांना दटावता दटावता बाया हसल्या, मग मिशीत हसू दाबून बसलेले बापे हसले. माझ्या हातात ते कापड तसंच होतं. मूर्तीवर परत टाकावं की स्वतःच्या तोंडावर, ते मला कळेना.

ते पोट्टं खोटं बोललं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माझा बा फागू उंदीरवाडे नंदीवाला म्हणून ओळखला जायचा. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल विसावा घेतात आणि पोरं लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर फिरतात. असे नंदी करण्यात बाचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. इतर कारागीर नंदीला बटणासारखे गोल डोळे रंगवायचे. बा रंगवायचा नाही, कोरायचा. जड पापणी, खाली झुकलेली नजर. लोक थट्टा करायचे, "फागूचा नंदी पोळ्याच्या दिवशीही झोपून असते." पण घ्यायचे त्याचाच.

आणि आता तेच डोळे बुद्धाला लागले होते. शिवणीच्या पिवळसर लाकडातून कोरलेला साधा बुद्ध. अंगावर चिवराच्या दोन-चार घड्या, मांडीवर हातावर हात, कान जरा जास्तच लांब. बाकी नक्षी नाही, रंग नाही. चेहऱ्यावर बघण्यासारखं काही असेल तर ते डोळे, आणि ते डोळे बैलाचे.

दौलतराव तेवढे हसले नव्हते. त्यांनी हात वर केला, तसं सगळे थांबले. रेल्वेतून रिटायर झालेला ताठ माणूस, वस्तीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"फागू," ते म्हणाले, "मेहनत केली तू, मी नाही म्हणत नाही. पण बुद्ध कसा उघड्या डोयांचा पाहिजे. जगाचं दुःख पाहणारा. हा तर कोणाकडं पाहूनच नाही राहिला."

"तो पाहून राहिला, दौलतभाऊ. खाली पाहून राहिला," बा हळूच म्हणाला.

"खाली काय ठेवलं आहे?" दौलतरावांचा आवाज चढला. "पौर्णिमेले तालुक्याचे पाहुणे येऊन राहिले. त्याईच्यासमोर पोट्टे नंदी नंदी करतीन, तं तोंड कुठं लपवाचं वस्तीनं? हे झापड काढ आणि डोये उघड. नसन जमत तं आत्ताच सांग, शहरातून प्लास्टरची मूर्ती आणू."

बानं मूर्तीकडे पाहिलं, मग लोकांकडे. अंगणात कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्यानं उलटून चार ऐकवल्या असत्या. पण हसण्याला काय उत्तर देणार?

"काढतो," तो म्हणाला.

मूर्ती घरी न्यायची होती. बानं डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर मूर्ती घेतली आणि निघाला. वैशाखाची दुपार, रस्ता तापलेला. मागून पोरं "हुर्र, हुर्र, चाल रे सर्ज्या" करत येत होती. मी बाच्या बरोबरीनं निघाले होते, पण पिंपळापाशी कधी मागे पडले ते कळलं नाही. म्हणजे कळलं होतं. मला लाज वाटत होती. बापाची लाज वाटत होती, आणि बापाची लाज वाटते याची त्याहून जास्त वाटत होती. त्या वयात एक लाज पुरेना, म्हणून दुसरी आपसूक यायची.

घरी माय वाटच बघत होती. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"हसले?" तिनं विचारलं.

"हसले," बा म्हणाला.

"हसतीन! त्याईच्या घरच्या खाटा आन् दारं करून देताना नाही हसू येत मेल्याईले!" माय कितीतरी वेळ एकेकाचं नाव घेऊन बोलत राहिली. मग तिनं पडवीत ठेवलेल्या मूर्तीकडे पाहिलं आणि आवाज खाली आला. "खरंच काढणार काय डोये?"

"बोललो ना चारचौघात."

"बोलले तं बोलले. पण लाकडाले तं विचारा."

त्या रात्री आमच्या घरी कुणी धड जेवलं नाही.

सकाळी उन्हं चढायच्या आत तो पटाशी, मोगरी घेऊन पडवीत बसला. मी मूर्तीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं, हलू नये म्हणून. लाकूड गार होतं. इतक्या जवळून मी तो चेहरा पहिल्यांदाच पाहत होते, आणि तरी त्याच्या डोळ्यांत बघता येईना, कारण ते कुठे भेटतच नव्हते.

"बा, थोडंसंच काढ," मी म्हटलं. "थोडं उघडलं तरी चालन."

"थोडं काय आन् जास्त काय. पापणी म्हणजे राहिलेलं लाकूड. एकदा निघालं की परत लावता येत नाही."

त्यानं डाव्या पापणीच्या कडेला पटाशी टेकवली आणि मोगरीचा हलका ठोका दिला. नखाएवढी ढलपी उडाली आणि माझ्या मनगटावर येऊन पडली. दुसरा ठोका द्यायला त्यानं हात उचलला, तेवढ्यात दारातून मायला हाक आली.

"किसनाबाई, आहे का वो घरी? आमच्या मांडवाखाली ऊन आलं. इथं बसून पुडे बांधू काय?"

गिरजाकाकी होत्या, दौलतरावांची बायको. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. पहाटे जंगलात जाऊन बाया पानं तोडून आणायच्या, आणि दुपारपर्यंत सालीच्या दोरीनं त्यांचे पुडे बांधायच्या. काकींच्या डोक्यावर पानांचं ओझं होतं. मायनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकडे पाहिलं. नवऱ्यानं काल झापड काढायला सांगितलं आणि आज बायको मांडवाचं निमित्त काढून आली, म्हणजे काम बघायलाच आली असणार असं तिला वाटलं. पण दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

"बसा," माय म्हणाली.

गिरजाकाकी मूर्तीसमोर बसल्या. बा उठून अंगणात आला, हातात पटाशी तशीच. "उठल्या की करतो," तो मला म्हणाला.

पण काकी उठेनात. त्या पुडे बांधत होत्या, हात चालले होते, तोंड मात्र बंद. तेंदूचे पुडे बांधताना गप्प बसलेली बाई आमच्या वस्तीत मी त्याआधी पाहिली नव्हती. पुडे संपले तरी त्या बसून होत्या. मायनं पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं.

गिरजाकाकींबद्दल सांगायला हवं. त्यांची एकुलती एक पोर शेवंता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मला तिनंच सायकल शिकवली होती. लग्न होऊन गेली, आणि वर्षाच्या आत दोनदा माहेरी पळून आली. दोन्ही वेळा दौलतराव स्वतः तिला परत पोचवून आले. समितीचा अध्यक्ष, वस्तीचे तंटे मिटवणारा माणूस, त्याची पोर नांदत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? दुसऱ्या वेळी ती बसच्या खिडकीतून मागे बघत गेली होती, मी पाहिलं होतं. मग सासरहून बातमी आली. स्टोव्हचा भडका झाला, असं सांगण्यात आलं. त्या गोष्टीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यानंतर गिरजाकाकी कुठे गेल्या की बायांचं बोलणं थांबायचं, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर जायचे. कुणी काही वाईट बोलत नसे. पण नुसत्या बघण्यानंच त्या वाळत चालल्या होत्या.

दुपारी आणखी बाया आल्या. एक चाळणी मागायला आली, एक मीठ मागायला, आणि दोघी-तिघी सरळ पानांची ओझी घेऊनच. सगळ्या पडवीत बसल्या. काल विहारात सगळ्यात मोठ्यानं हसलेली बुधाबाई त्यात होती. तिचं नाव घेऊन मायनं काल जे काही म्हटलं होतं, ते आठवून मला आता मायकडे बघवेना.

"पाहायला आल्या काय डोये काढताना?" मायनं शेवटी विचारलंच.

"नाही वं बाई," बुधाबाई म्हणाली. "गिरजाबाई सकायपासून येऊन बसली म्हणे, म्हणून आली मी."

"मग? नंदीचं दर्शन झालं?"

बुधाबाई खजील झाली, पण चिडली नाही. त्यावेळी गिरजाकाकी बसल्यापासून पहिल्यांदा बोलल्या. मूर्तीकडे बघतच बोलल्या.

"याच्यापुढे बसलं तं लाज नाही वाटत, किसना. हा पाहतच नाही ना आपल्याकडे."

माय पदराचा बोळा तोंडाशी धरून आत निघून गेली.

मी अंगणात आले. बा कडुनिंबाच्या सावलीत पटाशीला धार लावत बसला होता. दिवसभरात कितव्यांदा लावत होता कुणास ठाऊक.

"बा, असे डोये काहून केले तू?" मी विचारलं. विचारण्यात राग होता. काल लोकांनी हसायचं आणि आज त्यांनीच येऊन बसायचं, मला काहीच कळत नव्हतं.

त्यानं दगडावर पाणी शिंपडलं.

"मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. माझा बा मालगुजाराच्या घरी नंदी करून द्यायचा. मी सोबत जायचो. काम झालं की मालकीण जेवण द्यायची, पण गोठ्यात बसून. बा जेवून घ्यायचा, त्याले सवय होती. मले नाही जेववायचं."

"काहून? भूक नसायची?"

"भूक तं लय असायची. पण त्या घरचे पोट्टे, पोट्ट्या, गडीमाणसं सारे गोठ्याच्या दारात येऊन उभे राहायचे. म्हाराचं पोट्टं कसं जेवते ते पाहाले. घास उचलला की साऱ्याईचे डोये घासावर. घास तोंडात घातला की तोंडावर. मले गियता नाही यायचं." त्यानं पटाशी अंगठ्यावर घासून पाहिली. "गोठ्यात दोन बैल होते. ते वैरण खात होते, खाली मान घालून. एकदाही वर नाही पाहिलं. मी त्याईच्या दोघांच्या मधात जाऊन बसलो, त्याईच्याकडं तोंड करून. आन् जेवलो. पोटभर जेवलो."

"ते बैल होते, बा. त्याईले काय समजते?"

"नसनही समजत. पण मले तेव्हा वाटलं, त्याईले सारं समजते. समजते म्हणूनच खाली पाहून राहिले." त्यानं पटाशीची बाजू बदलली. "आपण बुद्धाकडे आलो, पण बुद्ध कसा दिसते हे मले कोणी नाही सांगितलं. फोटो दाखवला, तो गोरा होता, राजासारखा. लोक म्हणे त्याच्या डोयांत करुणा आहे. आता करुणा मले कशी मालूम राहीन? मले ते दोन बैल मालूम होते. तेच डोये दिले."

मी त्याच्या बाजूला बसले आणि त्याच्या हातातली पटाशी धरली, तर त्यानं हळूच सोडवून घेतली.

"पण बोललो आहे मी, फुले," तो मला म्हणाला. "बाया उठल्या की करतो."

बाया उठल्या, पण तिन्हीसांजेला. पुडे फळीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे होते म्हणून उठल्या. गिरजाकाकी सगळ्यात शेवटी गेल्या. जाताना त्या मूर्तीच्या पाया पडल्या नाहीत की काही नाही, फक्त पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच मान वर करून रस्त्यानं चालत गेल्या.

बा पडवीकडे वळला, आणि फाटकाशी दौलतराव दिसले.

"झालं काय, फागू?"

"नाही झालं. आता करतो."

"एक दिवस गेला. उद्या काम झालं पाहिजे." ते आत आले. पडवीत जाऊन मूर्तीसमोर उभे राहिले. पापणीवरची ताजी खूण त्यांना दिसली असावी, कारण ते वाकले. "एवढंच?"

"एवढंच."

"बसतो जरा," ते म्हणाले. "चालून आलो."

त्यांच्या घरापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर होतं. पण बानं मायला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः परत कडुनिंबाखाली येऊन बसला. मी त्याच्या बाजूला. तिथून पडवी समोरच होती.

दौलतराव आधी ताठ बसले होते, विहारात बसायचे तसे. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पाठ थोडी वाकली. थोड्या वेळानं टोपी गुडघ्यावरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. त्यांच्या तोंडून एक आवाज आला. रडण्याचा म्हणावा तर तसा नव्हता, ओझं उतरवताना माणूस करतो तसा काहीसा. मग खांदे हलायला लागले. त्या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. शेवंताच्या मातीलासुद्धा ते सगळ्यांना पाणी देत फिरत होते. "पोरी," ते मूर्तीला म्हणत होते. "पोरी."

मी टक लावून बघत होते. मला बघायचं होतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. कालच्या त्या हसण्याचा, पिंपळापाशी मागे राहिल्याचा, सगळ्याचा हिशेब मला त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीत मिळत होता.

"खाली पाह, फुले," बा म्हणाला.

"काय?"

"खाली पाह."

त्यानं पटाशी घेतली, दगडावर पाणी शिंपडलं आणि धार लावायला लागला. धार आधीच लागलेली होती. तरी तो घासत राहिला, मान खाली घालून. मायही पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थबकली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत बसले. माझ्या मनगटावर सकाळची ढलपी घामानं चिकटून राहिली होती, ती मी नखानं काढली आणि मुठीत धरली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पावलं आली. ती आमच्या समोर थांबली.

"फागू."

"हो, दौलतभाऊ." बा पटाशीकडेच बघत होता.

"राहू दे. मी समितीले सांगतो." आवाज फाटलेला होता, पण त्यातला अध्यक्ष अजून गेलेला नव्हता. "पौर्णिमेले सकाळी दोन माणसं पाठवतो मूर्ती न्यायले. आहे तशीच नेतीन."

"बरं."

"कोणी हसलं तं हसू दे."

"बरं."

दौलतराव आणखी थोडा वेळ उभे राहिले. बानं वर बघितलं असतं तर ते दोघे काही बोलले असते, किंवा नसते. बानं बघितलं नाही. पावलं फाटकातून बाहेर गेली, तेव्हा त्यानं पटाशी पुसून पिशवीत ठेवली.

ती मूर्ती अजून आमच्या विहारात आहे. विहार आता सिमेंटचा झाला. कुणीतरी दान दिलेली सोनेरी मोठी मूर्ती मध्यभागी बसली आणि शिवणीचा बुद्ध बाजूच्या कोनाड्यात गेला. नवी पोरं विचारतात, याच्या डाव्या पापणीला काय लागलं. मी सांगते, थोडं लाकूड गेलं. ती ढलपी माझ्याकडे आहे, तेही सांगते. पण बाया बसतात त्या कोनाड्यासमोरच, हे पोरांना सांगावं लागत नाही.

त्या वर्षी पौर्णिमेला तालुक्याचे पाहुणे आले, माणसांनी विहार भरला, आणि पांढरं कापड पुन्हा मीच ओढलं. पाहुणे हसले काय, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. मला माहीत नाही. मी खाली बघत होते.